जुनी हार्ड डिस्क वाचत नाही? घाई करू नका!

कागद जपण्याची सवय आता आपल्या घरांत चांगली रुजली आहे. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, रेशन कार्ड, पगाराच्या पावत्या हे सारे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवलेले असते. पाऊस गळू लागला की घरातली बाई आधी ती पेटी हलवते. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत घरात आणखी एक पेटी आली आणि तिच्याकडे मात्र कोणाचेच लक्ष नाही. ती म्हणजे मुलांच्या शिक्षणासाठी हप्त्याने घेतलेल्या कॉम्प्युटरच्या पोटातली हार्ड डिस्क.

पालघर, सफाळे, बोईसर या पट्ट्यात फिरताना आम्हाला हे घरोघर दिसते. तारापूरच्या एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्या बापाने ओव्हरटाईम करून मुलीसाठी कॉम्प्युटर घेतला. मुलगी शिकली, कामाला लागली, लग्न होऊन गेली. मोबाईल आला आणि कॉम्प्युटरवर जुनी चादर पडली. त्यात काय काय राहून गेले? लग्नाचे फोटो, गेलेल्या माणसाचा शेवटचा फोटो, मंडळाचा जमाखर्च, विहाराच्या बांधकामाच्या वर्गणीची यादी, आजीच्या आवाजातली गाणी. मग एक दिवस त्यातल्या एखाद्या गोष्टीची नड लागते. कॉम्प्युटर सुरू करावा तर पडद्यावर इंग्रजीत काहीतरी उमटते, आतून टक्-टक् आवाज येतो आणि पुढे काही होत नाही. कोणीतरी म्हणते, "डिस्क गेली, नवी टाका." आणि जुनी डिस्क भंगारवाल्याच्या गोणीत जाते.

वाचक बंधू-भगिनींनो, आमचे सांगणे एवढेच की तिथेच थांबा. डिस्क वाचत नाही म्हणजे तिच्यातले सगळे गेले असे नाही. बिघाडाने जेवढे जाते त्याहून अधिक पुष्कळदा बिघाडानंतरच्या आपल्या धडपडीने जाते.

आत असते तरी काय?

हार्ड डिस्कच्या डबीत आरशासारख्या गुळगुळीत चकत्या असतात. घरगुती कॉम्प्युटरमध्ये त्या मिनिटाला 5400 किंवा 7200 वेळा फिरतात. त्यांच्यावरून एक बारीक दांडी सरकत असते. तिच्या टोकाला वाचणारे आणि लिहिणारे मुंडके असते, त्याला हेड म्हणतात. हे हेड चकतीला टेकत नाही. हवेच्या अतिशय पातळ थरावर ते तरंगते. माणसाचा केस त्या फटीपेक्षा हजारो पटींनी जाड भरेल. माहिती चकतीवर चुंबकीय खुणांच्या रूपाने राहते, म्हणून वीज गेली तरी ती पुसली जात नाही.

आयबीएम कंपनीने 1956 साली अशी पहिली डिस्क बाजारात आणली. तिच्यात 24 इंची 50 चकत्या होत्या आणि साऱ्या मिळून 50 लाख अक्षरे मावत. आजच्या मोबाईलवरचे एक-दोन फोटो तेवढ्यात संपतील.

आम्ही कारकुनी करणारी माणसे, तेव्हा आमच्याच भाषेत सांगतो. कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये रॅकवर फायली असतात आणि टेबलावर रजिस्टर असते. कोणती फाईल कोणत्या रॅकवर आहे ते रजिस्टर सांगते. रजिस्टर फाटले तर शिपाई म्हणतो, "साहेब, फाईल नाही." फाईल असते रॅकवरच, फक्त तिची नोंद सापडत नाही. हार्ड डिस्कचेही तसेच आहे. आपण एखादा फोटो पुसतो तेव्हा कॉम्प्युटर बहुधा नोंद तेवढी खोडतो, फोटो जागेवरच राहतो. मात्र ती जागा आता रिकामी धरली जाते आणि पुढे तिथे दुसरे काही लिहिले गेले की पहिले कायमचे जाते.

बिघाड चार प्रकारचे

पहिला बिघाड बाहेरचा. वायर सैल झालेली असते, वीज पुरवणारा डबा कमजोर झालेला असतो किंवा सर्किटच्या जोडांवर गंज चढलेला असतो. आपल्या किनारपट्टीची हवा दमट आणि खारी. खिडकीच्या गजाला जो गंज चढतो तोच इथेही चढतो. अशा वेळी चकत्या धडधाकट असतात.

दुसरा बिघाड रजिस्टरचा. डिस्क लिहीत असताना वीज गेली की नोंदी अर्धवट राहतात. मग कॉम्प्युटर विचारतो, "ही डिस्क फॉर्मॅट करायची का?"

तिसरा बिघाड चकतीवरचा. काही जागा खराब होतात आणि तिथे पोचले की कॉम्प्युटर अडून बसतो. एक फोल्डर उघडायला पंधरा-वीस मिनिटे लागतात किंवा कॉपी अर्ध्यावर थांबते.

चौथा बिघाड सर्वांत अवघड, तो हेडचा किंवा मोटरचा. टक्-टक् किंवा खर्र असा आवाज येतो किंवा डिस्क फिरतच नाही. हेड चकतीला घासत असेल तर प्रत्येक मिनिटाला त्या चकतीवरची माहिती खरवडली जात असते.

हे मात्र करू नका

फॉर्मॅटच्या प्रश्नाला "हो" म्हणू नका. कॉम्प्युटरला तिथे नवे कोरे रजिस्टर हवे असते, तुमच्या फोटोंशी त्याला कर्तव्य नसते.

डिस्क दुरुस्त करण्याचा हुकूम लगेच देऊ नका. विंडोजमधला 'चेकडिस्क' हा दुरुस्त करताना डिस्कवर नव्याने लिहितो. आजारी डिस्कवर काहीही लिहिणे धोक्याचे.

पुसलेले परत आणणारे सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर चढवू नका. जे शोधायचे त्याच्याच उरावर ते जाऊन बसेल.

डिस्कला टपली मारणे, फ्रिजमध्ये ठेवणे, स्क्रू काढून आत डोकावणे हे उपाय ऐकीव आहेत. फ्रिजमधून काढलेल्या डिस्कमध्ये बाष्प धरते आणि उघड्या डबीत धूळ जाते. धुळीचा एक कण त्या फटीपुढे डोंगराएवढा असतो.

डिस्क पाण्यात बुडाली असेल तर तिला वीज लावू नका. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तसा पाऊस घरात शिरला तर कॉम्प्युटर उन्हात वाळवून चालू करून पाहण्याचा मोह होतो. परंतु आत सुकलेला गाळ चकतीवर फिरला की उरलेली आशाही संपते. ओली डिस्क तशीच पिशवीत बंद करून लवकरात लवकर जाणकाराकडे न्यावी.

आणि आवाज करणारी डिस्क पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नका. एकदा ऐकले तेवढे पुरे.

दातिवरे येथील एका घरची डिस्क

वैतरणा जिथे समुद्राला मिळते तिथले दातिवरे हे आमच्या पालघर तालुक्यातले गाव. सफाळे स्टेशनवर उतरून तिथे जावे लागते. तिथल्या एका घरातली डिस्क मध्यंतरी आमच्याकडे आली. घरातल्या मुलीला आपल्या मुलाच्या जात पडताळणीसाठी आजोबांच्या शाळेचा जुना दाखला हवा होता. मूळ कागद वाळवीने खाल्लेला. त्याची स्कॅन केलेली प्रत त्या कॉम्प्युटरमध्ये होती, आणि वारलेल्या वडिलांचे सारे फोटोही तिथेच. एका दुकानात "फॉर्मॅट मारावा लागेल" असे सांगितले, तेव्हा ती बाई डिस्क पदराखाली घेऊन परत आली. तिने केले ते सर्वांत शहाणपणाचे काम होते.

बोईसरला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक तरुण आमच्या ओळखीचा आहे. त्याने पहिल्यांदा जोड साफ केले आणि डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली. ती 80 जीबीची, जुन्या रुंद पट्टीच्या वायरची होती. अशा डिस्कला यूएसबीशी जोडणारा कन्व्हर्टर मिळतो, पण मोठ्या डिस्कला वीज वेगळी द्यावी लागते हे लक्षात ठेवावे. डिस्क फिरली, आवाज चांगला होता, पण फोल्डर उघडेनात. म्हणजे बिघाड दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारचा.

मग त्याने जे केले ते प्रत्येकाने समजून घ्यावे. त्याने एकही फाईल उघडली नाही. आधी सगळ्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल एका मोठ्या, नव्या डिस्कवर घ्यायला लावली. त्यासाठी लिनक्सवर चालणारे 'डीडीरेस्क्यू' नावाचे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर आहे. त्याची रीत आपल्याला भाताच्या कापणीवरून कळेल. आधी उभे, चांगले पीक कापून घ्यायचे, आडव्या पडलेल्या भातात अडकून बसायचे नाही. चांगले घरात आले की मग पडलेल्याकडे वळायचे. हे सॉफ्टवेअर खराब जागा आली की ती सोडून पुढे जाते, चांगले तेवढे आधी उचलते आणि शेवटी खराब जागांवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. कुठवर काम झाले याची नोंद ते ठेवते, म्हणून मध्येच वीज गेली तरी काम पहिल्यापासून करावे लागत नाही. साधी कॉपी-पेस्ट मात्र पहिल्या खड्ड्यातच अडकते.

पहिल्या रात्रीत बहुतेक भाग आला. उरलेल्या तुकड्यांना आणखी दोन रात्री गेल्या. मग मूळ डिस्क बाजूला ठेवली आणि पुढचे सारे काम नकलेवर केले. नकलेवर काही चुकले तर दुसरी नक्कल काढता येते. रजिस्टर दुरुस्त होत असेल तर 'टेस्टडिस्क' आणि होत नसेल तर 'फोटोरेक' ही दोन फुकट मिळणारी सॉफ्टवेअर उपयोगी पडतात. फोटोरेक रजिस्टर बघतच नाही. प्रत्येक फोटोच्या सुरुवातीला ठराविक खूण असते. ती खूण शोधत ते रॅकवरची एकेक फाईल उतरवते. मात्र फाईलची नावे आणि फोल्डर परत येत नाहीत. शेकडो फोटो नुसत्या आकड्यांनी समोर येतात.

तसेच झाले. मग आम्ही लॅपटॉप घेऊन दातिवरे येथे त्या घरी गेलो. ओटीवर शेजारपाजारच्या म्हाताऱ्या बायका बसल्या आणि एकेक फोटो ओळखू लागल्या. "ही तुझी आत्या, लग्नाआधीची." "हा आमच्या वस्तीचा पहिला मॅट्रिक." आम्ही नावे लिहून घेत गेलो. कॉम्प्युटरला परत आणता न आलेली नावे त्या न शिकलेल्या मावश्यांनी परत दिली. वडिलांचा फोटो लागला तेव्हा मुलगी काही बोलली नाही, फक्त पडद्यापाशी सरकून बसली.

दाखल्याची प्रत सापडली, पण अर्धीच. खालचा भाग राखाडी झाला होता. चित्राच्या फाईलमधला तुकडा गेला की असे होते. परंतु वरच्या अर्ध्यात शाळेचे नाव आणि जनरल रजिस्टरचा नंबर स्वच्छ होता. तेवढ्यावर शाळेत अर्ज करून प्रवेश-निर्गम उतारा मागता आला.

काय परत मिळते, काय मिळत नाही

या गोष्टीतून एक शिकण्यासारखे आहे. पैसे खर्च करण्याआधी डिस्कमध्ये काय काय होते त्याची घरच्यांनी बसून यादी करावी. यादीचे दोन भाग पाडावेत.

पहिला भाग, दुसरीकडून परत मिळण्यासारखे. जन्माची नोंद ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत असते, सातबारा महाभूलेखवर दिसतो, शाळेचा उतारा शाळेत मिळतो, बरीच प्रमाणपत्रे आता डिजिलॉकरमध्ये येतात. जात पडताळणीत अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा धरतात. तिथे नुसती स्कॅन प्रत पुरत नाही, परंतु तीच प्रत मूळ नोंद कोणत्या शाळेच्या कोणत्या रजिस्टरात आहे ते सांगते. म्हणून अर्धवट प्रतही टाकू नये.

दुसरा भाग, जगात दुसरीकडे कुठेच नसलेले. गेलेल्या माणसाचा फोटो, आजीचा आवाज, वस्तीतल्या पहिल्या कार्यक्रमाची चित्रफीत. पैसे आणि श्रम खर्चायचे ते या दुसऱ्या भागासाठी.

प्रयोगशाळेत केव्हा न्यावे?

डिस्क टक्-टक् करत असेल किंवा फिरतच नसेल तर घरचे आणि साध्या दुकानातले उपाय संपले. माहिती परत काढणाऱ्या खास प्रयोगशाळा मोठ्या शहरांत आहेत. तिथे धूळविरहित खोलीत डबी उघडून त्याच जातीच्या दुसऱ्या डिस्कचे हेड बसवतात. हे काम किती पुढे जाऊ शकते याचे उदाहरण कल्पना चावला ज्या यानात होत्या त्या 'कोलंबिया'चे आहे. 1 फेब्रुवारी 2003 रोजी ते यान परतताना आकाशात तुटले आणि सातही अंतराळवीर गेले. अवशेषांत एक भाजलेली, वाकलेली हार्ड डिस्क सापडली. झेनॉन वायूवरच्या एका प्रयोगाची मोजमापे तिच्यात होती. अमेरिकेतल्या क्रोल ऑनट्रॅक या कंपनीच्या तंत्रज्ञांनी चकत्या स्वच्छ करून दुसऱ्या डबीत बसवल्या आणि सुमारे 99 टक्के माहिती परत मिळाली. त्या प्रयोगाचा निष्कर्ष 2008 साली छापून आला. त्यांना यश आले याचे एक कारण असे की माहिती असलेला चकतीचा भाग घासला गेला नव्हता. आपली टक्-टक् करणारी डिस्क वेळीच बंद करायची ती यासाठीच.

हे काम महाग असते, खर्च हजारांच्या घरात जातो. म्हणून आधी अंदाज लेखी घ्या. माहिती मिळाली नाही तर पैसे किती, हे विचारा. डिस्कवरचा सिरियल नंबर पावतीवर लिहून घ्या. घरातल्या लेकी-सुनांचे फोटो त्यात असतात, तेव्हा काम झाल्यावर तिथली नक्कल पुसावी हेही लेखी घ्या. यात संकोच कसला?

डिस्क वाचते, पण अक्षर वाचत नाही

कधी कधी फाईल परत मिळते, उघडतेही, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा चिवडा दिसतो. फाईल बिघडली असे समजून लोक ती टाकून देतात. वास्तविक 1990 च्या दशकात आणि नंतरही कितीतरी वर्षे मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा निरनिराळ्या फॉन्टमध्ये टाईप होत असे. प्रत्येकाची अक्षरांची मांडणी वेगळी. जयंतीच्या स्मरणिका, मंडळांचे अहवाल, लग्नपत्रिका त्यातच आहेत. तो फॉन्ट चढवला की मजकूर दिसतो, आणि रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरने तो आजच्या युनिकोडमध्ये आणता येतो.

याचे मोठे उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या अनेकींचे आवाज मुद्रित केले. बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरातल्या आपल्या बायाबापड्यांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही 1996 साली तिथे मुद्रित झाल्या. कॉम्प्युटरवर जुन्या पद्धतीने भरलेला हा मजकूर पुढे युनिकोडमध्ये आणला गेला आणि 2017 पासून 'पारी'ने तो आवाजासह लोकांपुढे ठेवला. जुन्या पद्धतीतून नव्या पद्धतीत वेळीच आणला नसता तर हा ठेवा असूनही नसल्यासारखा झाला असता.

आता तरी दोन प्रती ठेवा

21 जून 2012 रोजी मंत्रालयाला आग लागली, वरचे मजले जळाले, 5 माणसे दगावली आणि असंख्य फायली भस्म झाल्या. मे 2021 च्या तौक्ते वादळाने आपल्या किनाऱ्याला झोडपले. आग, पाणी आणि वारा विचारून येत नाहीत. म्हणून घरातल्या ठेव्याच्या निदान दोन प्रती असाव्यात, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी, शक्यतो दुसऱ्या गावी. माहेरची एक प्रत सासरी गेलेल्या लेकीकडे ठेवली तर त्याहून चांगली तिजोरी कोणती?

पेनड्राईव्ह ने-आणीसाठी बरा, वर्षानुवर्षे ठेवण्यासाठी नव्हे. त्यातली माहिती विजेच्या भाराच्या रूपाने असते आणि न वापरता पडून राहिला तर तो भार हळूहळू झिरपतो. इंटरनेटवरच्या फुकट जागेला मर्यादा असते आणि पासवर्ड एकालाच ठाऊक असेल तर त्याच्यामागे घरच्यांना ती उघडत नाही. बाहेरची हार्ड डिस्क कापडात गुंडाळून, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह डब्यात ठेवावी आणि वर्षातून एकदा, समजा दिवाळीच्या सुट्टीत, ती लावून काही फोटो उघडून पाहावेत. पाच-सहा वर्षांनी सारे नव्या डिस्कवर उतरवावे. आणि घरचे निवडक पाच-पंचवीस फोटो कागदावर छापून मागे नाव, गाव, साल लिहावे. कागदाला वीज लागत नाही.

मंडळांनी आणि महिला मंडळांनी यात पुढाकार घ्यावा. एक कन्व्हर्टर आणि एक मोठी डिस्क सामाईक वर्गणीतून घेतली तर साऱ्या वस्तीचे काम होते. कॉम्प्युटर शिकलेल्या पोरा-पोरींना रविवारचे दोन तास द्यायला सांगा. आणि त्यांच्या शेजारी एखाद्या आजीला बसवा. फोटोतला माणूस कोण, हे सांगणारी माणसे आज आपल्यात आहेत तोवरच हे काम उरकले पाहिजे.